चषकाविना पंधरा मोसम: हेन्रिक लुंडक्विस्ट आणि न्यूयॉर्क रेंजर्स

प्रकरणाची व्याप्ती

हे प्रकरण हेन्रिक लुंडक्विस्ट या स्वीडिश गोलरक्षकाचे आणि ज्या एकाच संघाकडून तो नॅशनल हॉकी लीगमधले आपले सर्व ८८७ साखळी सामने खेळला, त्या न्यूयॉर्क रेंजर्सचे आहे. २००५ ते २०२० या पंधरा मोसमांत त्याने ४५९ सामने जिंकले, ६४ सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही गोल करू दिला नाही, आणि तरीही स्टॅन्ली चषक, म्हणजे लीगचे अजिंक्यपद, त्याच्या हाती कधी आला नाही. अशा प्रकरण-अभ्यासात (केस स्टडीत) संबंधितांची नावे सहसा झाकली जातात. येथे मात्र जे घडले ते भरलेल्या स्टेडियममध्ये आणि जाहीर निवेदनांतून घडले असल्यामुळे नावे झाकण्यात अर्थ नाही. बंद दाराआडच्या संभाषणांबद्दल अंदाज बांधण्याचे तेवढे मी टाळले आहे.

आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदानी हॉकी डोळ्यांसमोर येते, म्हणून खेळाची किमान ओळख करून देणे आवश्यक आहे. आइस हॉकीत बर्फावर प्रत्येक संघाचे सहा खेळाडू असतात. पुढचे पाच जण जेमतेम मिनिटभर खेळून बाकावर परततात आणि त्यांची जागा दुसरे घेतात. गोलरक्षक मात्र साठही मिनिटे सहा फूट रुंद आणि चार फूट उंच चौकटीपुढे उभा असतो. रबराची चपटी चकती, म्हणजे पक, त्याच्याकडे ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगानेही येऊ शकते. साखळी सामन्यांनंतर बाद फेऱ्या सुरू होतात. प्रत्येक फेरीत चार सामने आधी जिंकणारा पुढे जातो, आणि अशा चार फेऱ्या, म्हणजे एकूण सोळा विजय, मिळाल्याखेरीज चषक मिळत नाही. गोलरक्षक या सोळा सामन्यांत गोल होऊ न देण्याची शिकस्त करू शकतो, पण संघाने निदान एक गोल केल्याशिवाय त्याने शून्यावर रोखलेला सामनाही जिंकला जात नाही. हे साधे गणित पुढील सर्व निर्णय समजून घेताना लक्षात ठेवावे लागेल.

पार्श्वभूमी

लुंडक्विस्टचा जन्म २ मार्च १९८२ रोजी स्वीडनमधील ओरे या बर्फाळ पर्यटनस्थळी झाला. त्याचा जुळा भाऊ जोएल हाही पुढे उत्तम हॉकीपटू झाला. दोघेही गोथेनबर्गच्या फ्रोलुंडा संघाकडून खेळले आणि २००३ व २००५ मध्ये तो संघ स्वीडनचा विजेता ठरला. त्याआधी, २००० साली, नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, रेंजर्सनी हेन्रिकला सातव्या फेरीत, २०५ व्या क्रमांकावर घेतले होते. एवढ्या खालच्या क्रमांकाच्या खेळाडूकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवत नाही, कारण त्यांतले बहुतेक जण या लीगमध्ये एकही सामना खेळत नाहीत. २००५ मध्ये तो न्यूयॉर्कला आला तेव्हाही पहिला गोलरक्षक केव्हिन वीक्स होता; वीक्स जखमी झाल्यामुळे त्याला संधी मिळाली आणि ती त्याने नंतर पंधरा वर्षे सोडली नाही.

पहिल्याच मोसमात, फेब्रुवारी २००६ मध्ये, ट्युरिनच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्वीडनने अंतिम सामन्यात फिनलंडला ३-२ असे हरवून सुवर्णपदक मिळवले, तेव्हा गोलमध्ये लुंडक्विस्ट होता. म्हणजे ‘अजिंक्यपद नसलेला गोलरक्षक’ हे वर्णन अक्षरशः घेतले तर चुकीचेच आहे. स्वीडनची दोन विजेतेपदे, ऑलिंपिक सुवर्ण आणि २०१७ मध्ये भावाच्या कर्णधारपदाखाली मिळवलेले जागतिक सुवर्ण त्याच्या नावावर आहे. नाही तो केवळ स्टॅन्ली चषक. पण उत्तर अमेरिकेत कारकीर्द त्याच एका चषकावर तोलली जाते.

रेंजर्सचे गोलरक्षकांचे प्रशिक्षक बेन्वा अलेर यांच्या हाताखाली त्याची शैली पक्की झाली. बरेच गोलरक्षक पुढे सरसावून फटक्याचा कोन कमी करतात. लुंडक्विस्ट गोलरेषेच्या निकट, खोल उभा राही. त्यामुळे चौकटीचा जास्त भाग उघडा दिसे, पण पक पाहण्यासाठी त्याला क्षणाचा काही अंश अधिक मिळे आणि आडव्या पासनंतर जागा बदलताना कमी अंतर कापावे लागे. ही शैली केवळ असामान्य प्रतिक्षिप्त हालचाल असणाऱ्यालाच परवडते. पहिल्या सातही मोसमांत तीस किंवा अधिक सामने जिंकणारा तो पहिला गोलरक्षक ठरला, आणि २०१२ मध्ये सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक त्याला मिळाला.

आता संघाविषयी. रेंजर्सनी १९४० मध्ये चषक जिंकला आणि त्यानंतर थेट ५४ वर्षांनी, १९९४ मध्ये. या दोहोंमधल्या काळात त्या संघाने चषकाविना थोर ठरलेले दोन गोलरक्षक आधीच पाहिले होते. चक रेनर हा १९५० मध्ये लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला, त्याच वर्षी अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात जादा वेळेच्या दुसऱ्या भागात डेट्रॉइटने गोल केला आणि चषक गेला. त्या मालिकेत मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे घरचे स्टेडियम सर्कशीसाठी दिलेले असल्यामुळे रेंजर्सना स्वतःच्या बर्फावर एकही सामना खेळता आला नाही, आणि त्यांचे ‘घरचे’ सामने टोरोंटोत झाले. एडी जियाकोमिन १९७२ ची अंतिम फेरी हरला, आणि १९७५ मध्ये संघाने त्याला अकस्मात सोडून दिले. दोघेही पुढे हॉकी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, गेले. म्हणून लुंडक्विस्टचे प्रकरण या संघापुरते तरी अपूर्व नव्हते. पूर्वीच्या दोन प्रकरणांतून काही शिकण्याची सोय होती.

समस्या

२०१२ ते २०१५ या चार मोसमांत रेंजर्स तीनदा आपल्या विभागाच्या अंतिम फेरीत, म्हणजे चारपैकी तिसऱ्या फेरीत, पोहोचले. गोलरक्षक तिशीच्या आरंभी, कौशल्याच्या शिखरावर होता. संघात मात्र प्रतिस्पर्ध्यांच्या तोडीचा हुकमी गोल करणारा खेळाडू सातत्याने नव्हता. म्हणजे संघापुढे प्रश्न होता तो असा: एका माणसाची उत्तम वर्षे मोजकी आहेत आणि ती संपण्यापूर्वी चषक मिळवायचा आहे, तर पुढची वर्षे गहाण टाकून आज खेळाडू विकत घ्यावेत की संघ तळापासून बांधावा? गोलरक्षकापुढचा प्रश्न त्याहून व्यक्तिगत होता. ज्या संघाने त्याला घडवले त्याच संघात राहावे की जिथे चषक मिळण्याची शक्यता अधिक तिथे जावे?

हे दोन प्रश्न एकाच वेळी सुटायला हवे होते. प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांनी, निराळ्या गरजेतून सोडवले, आणि माझ्या मते या प्रकरणाचे मूळ तिथेच आहे.

पहिला निर्णय: डिसेंबर २०१३ चा करार

लुंडक्विस्टचा आधीचा करार २०१४ च्या उन्हाळ्यात संपणार होता. २०१३ च्या वसंतात संघ दुसऱ्या फेरीत बोस्टनकडून हरला, प्रशिक्षक जॉन टोर्टोरेला यांना काढण्यात आले, आणि भविष्याबद्दल विचारले असता लुंडक्विस्टने ठोस उत्तर दिले नाही. नव्या मोसमाची त्याची सुरुवातही डळमळीत होती. तरीही ४ डिसेंबर २०१३ रोजी सात वर्षांचा, दरवर्षी सरासरी ८५ लाख डॉलरचा, एकूण ५ कोटी ९५ लाख डॉलरचा करार जाहीर झाला. त्याच्या संमतीशिवाय त्याला अन्य संघात पाठवता येणार नाही, असे कलमही त्यात होते.

लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर कमाल मर्यादा असते. करार लागू झाला त्या २०१४-१५ च्या मोसमात ती ६ कोटी ९० लाख डॉलर होती, म्हणजे मर्यादेतला साधारण आठवा हिस्सा एकट्या गोलरक्षकावर खर्च होऊ लागला. पर्याय तीन होते: कमी वर्षांचा करार करणे, त्याला मुक्त होऊ देणे, किंवा मोसमाच्या मध्यावर त्याच्या बदल्यात तरुण खेळाडू घेणे. बत्तिसाव्या वर्षात पदार्पण करणार असलेल्या गोलरक्षकाला एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत बांधून घेणे जोखमीचे होते, यात शंका नाही.

तरीही हा निर्णय मला योग्य वाटतो, आणि त्याची पहिली परीक्षा सहाच महिन्यांत झाली. २०१४ च्या बाद फेऱ्यांत पिट्सबर्गविरुद्ध रेंजर्स १-३ असे मागे होते. संघातील मार्टिन सेंट लुई याच्या आईचे त्याच दिवसांत अकस्मात निधन झाले होते. पुढच्या तिन्ही सामन्यांत लुंडक्विस्टने प्रत्येकी एकच गोल होऊ दिला आणि मालिका फिरली. त्यानंतर माँट्रियलविरुद्धचा निर्णायक सामना त्याने १-० असा राखला, आणि वीस वर्षांनी रेंजर्स अंतिम फेरीत आले. असा गोलरक्षक हातातून सोडणारा व्यवस्थापक दुसऱ्याच अभ्यासाचा विषय झाला असता.

२०१४ आणि २०१५: जिथे चषक निसटला

अंतिम फेरीत लॉस एंजेलिस किंग्जने रेंजर्सना ४-१ असे हरवले. आकडा एकतर्फी दिसतो. सामने तसे नव्हते. पहिल्या सामन्यात रेंजर्स २-० ने पुढे होते आणि जादा वेळेत हरले. दुसऱ्यात ते तीन वेळा दोन गोलांनी पुढे होते, आणि जादा वेळेच्या दुसऱ्या भागात ५-४ असे हरले. त्या सामन्यात किंग्जने तिसरा गोल केला तेव्हा त्यांचा खेळाडू लुंडक्विस्टच्या अंगावर आला होता, त्याने पंचांकडे तक्रारही केली, पण गोल मान्य झाला. तिसरा सामना ०-३. चौथ्यात त्याने ४१ पैकी ४० फटके अडवले, आणि दोनदा पक गोलरेषेवर साचलेल्या बर्फाच्या चुऱ्यात अडकून थांबला. पाचव्या सामन्यात ४८ फटके अडवून झाल्यावर, जादा वेळेच्या दुसऱ्या भागात, अलेक मार्टिनेझच्या गोलने मालिका संपली. पाच सामन्यांत रेंजर्सचे गोल दहा, किंग्जचे पंधरा, आणि चारपैकी तीन पराभव जादा वेळेतले. किंग्जकडून त्या बाद फेऱ्यांत सर्वाधिक, चौदा, गोल करणारा मारियन गाबोरिक हा वर्षभरापूर्वीपर्यंत रेंजर्समध्येच होता.

पुढच्या मोसमात रेंजर्स साखळीत ११३ गुणांसह संपूर्ण लीगमध्ये पहिले आले. जानेवारीच्या अखेरीस गळ्यावर पक लागून लुंडक्विस्टच्या रक्तवाहिनीला इजा झाली आणि तो दोन महिने बाहेर होता. त्याच्या जागी कॅम टॅलबॉटने संघ सावरला. परतल्यावर त्याने वॉशिंग्टनविरुद्ध सातवा सामना जिंकला, आणि हा त्याचा सलग सहावा जिंकलेला सातवा सामना होता. विभागाच्या अंतिम फेरीत टॅम्पा बे लाइटनिंगशी गाठ पडली. येथे त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक गोष्ट लपवू नये: दुसऱ्या आणि तिसऱ्या सामन्यांत त्याने प्रत्येकी सहा गोल खाल्ले. पण घरच्या बर्फावरचा पाचवा आणि सातवा हे दोन्ही सामने रेंजर्स ०-२ असे हरले. गार्डनवर सातवा सामना हा संघ त्याआधी कधीच हरला नव्हता.

दोन महत्त्वाच्या सामन्यांत मिळून १२० मिनिटे आणि आपल्या संघाचा एकही गोल नाही, या परिस्थितीत गोलरक्षकाने काय करावे, याचे उत्तर कोणत्याही प्रशिक्षकाकडे नसते.

दुसरा निर्णय: पहिल्या फेरीतील चार निवडी

चषकाच्या चर्चेत कराराच्या रकमेवर फार बोलले जाते. माझ्या मते खरा खर्च दुसरीकडे होता. जुलै २०१२ मध्ये रिक नॅश याला आणताना रेंजर्सनी खेळाडूंबरोबर २०१३ च्या ड्राफ्टमधील पहिल्या फेरीचा हक्क दिला. मार्च २०१४ मध्ये कर्णधार रायन कॅलाहन टॅम्पाला देऊन सेंट लुईला घेतले, तेव्हा २०१५ चा पहिल्या फेरीचा हक्क गेला, आणि २०१४ च्या दुसऱ्या फेरीचा हक्क अशा अटीवर दिला की संघ विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचल्यास तो पहिल्या फेरीचा ठरेल. संघ पोहोचला, हक्क गेला. मार्च २०१५ मध्ये कीथ यँडलसाठी २०१६ चा हक्कही दिला गेला. परिणामी २०१२ नंतर थेट २०१७ पर्यंत रेंजर्सनी पहिल्या फेरीत एकही खेळाडू निवडला नाही.

यांतला प्रत्येक व्यवहार त्या दिवशी समर्थनीय होता. नॅश हा गोल करणारा खेळाडू होता आणि संघाला गोलच हवे होते. सेंट लुईशिवाय २०१४ ची अंतिम फेरी बहुधा झालीच नसती. चूक असेल तर ती बेरजेत आहे. वेतनमर्यादेच्या लीगमध्ये पहिल्या करारावरचे तरुण खेळाडू अत्यंत स्वस्त पडतात, आणि महागड्या गोलरक्षकाचा भार पेलायचा तर पुढच्या फळीत असे स्वस्त, वेगवान आणि चांगले पाय लागतात. सरव्यवस्थापक ग्लेन सेथर यांनी एका हाताने गोलरक्षकाला सात वर्षांसाठी बांधले आणि दुसऱ्या हाताने त्याच सात वर्षांतला ताज्या दमाचा पुरवठा तोडला. सेंट लुई जुलै २०१५ मध्ये निवृत्त झाला. २०१७ मध्ये दुसऱ्या फेरीत ऑटावाविरुद्ध दोन सामने अखेरच्या मिनिटांत हातचे गेले, तेव्हा लुंडक्विस्ट पस्तीस वर्षांचा होता आणि संघ मागच्या तीन वर्षांत फक्त वयाने वाढला होता.

या हिशेबातली एक नोंद मात्र वेगळी आहे. अंतिम फेरी हरल्यानंतर दोनच आठवड्यांनी झालेल्या २०१४ च्या ड्राफ्टमध्ये रेंजर्सनी चौथ्या फेरीत, ११८ व्या क्रमांकावर, इगोर शेस्टरकिन नावाचा रशियन गोलरक्षक निवडला.

तिसरा निर्णय: फेब्रुवारी २०१८

८ फेब्रुवारी २०१८ रोजी सेथर आणि नवे सरव्यवस्थापक जेफ गॉर्टन यांनी चाहत्यांना उद्देशून पत्र प्रसिद्ध केले. संघाची नव्याने उभारणी करायची आहे आणि काही परिचित चेहरे जातील, असे त्यात सरळ म्हटले होते. त्या महिन्याअखेर नॅश बोस्टनला, तर कर्णधार रायन मॅकडोना टॅम्पाला गेला. मॅकडोनाने तिथे २०२० आणि २०२१ असे दोन चषक जिंकले. बदलीसाठी संमती देण्याचा अधिकार लुंडक्विस्टच्या हाती होता, आणि कराराची आणखी तीन वर्षे बाकी होती.

त्याच्यापुढे कोणते दाखले होते? बचावपटू रे बोर्क याने बोस्टनमध्ये एकवीस मोसम काढून २००० साली कोलोरॅडोला प्रयाण केले आणि २००१ मध्ये चषक उंचावला. बोस्टनकरांनी त्याचे स्वागतही केले. हा दाखला सगळ्यांना आठवतो. गोलरक्षकाचा दाखला मात्र कर्टिस जोसेफचा आहे, आणि तो अधिक जवळचा आहे. चषकासाठी त्याने २००२ मध्ये टोरोंटो सोडून विद्यमान विजेत्या डेट्रॉइटची वाट धरली. पहिल्याच वर्षी डेट्रॉइट पहिल्या फेरीत अॅनाहाइमकडून ०-४ असे हरले, पुढच्या वर्षी जुना गोलरक्षक डॉमिनिक हाशेक परतला, आणि जोसेफची जागाच डळमळीत झाली. बचावपटू संघात सहा असतात, गोलमध्ये उभा राहणारा एकच. त्यामुळे चषकाच्या शोधात निघालेल्या गोलरक्षकाला दुसऱ्या कोणाची तरी एकमेव जागा घ्यावी लागते.

२०१८ च्या फेब्रुवारीत चषकाचे दावेदार कोण होते ते पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. टॅम्पात व्हासिलेव्हस्की, नॅशव्हिलमध्ये रिने, विनिपेगमध्ये हेलेबक, वेगसमध्ये फ्लुरी, वॉशिंग्टनमध्ये होल्टबी, पिट्सबर्गमध्ये मरे. यांपैकी कोणाला मोसमाच्या मध्यावर ८५ लाख डॉलरचा छत्तिशीला टेकलेला गोलरक्षक हवा होता? ‘तो गेला असता तर चषक मिळाला असता’ असे म्हणणारे हा प्रश्न टाळतात. शिवाय त्याला स्वतःला न्यूयॉर्कमध्येच राहायचे होते आणि ते त्याने उघडपणे सांगितले. तो राहिला.

त्याचा हा निर्णय मी बरोबर मानतो. संघाने मात्र त्या वेळी एक काम अर्धवट सोडले. पत्रात संघ बदलणार असे लिहिले, पण राहणाऱ्या गोलरक्षकाची पुढील तीन वर्षांतली भूमिका काय, त्याने किती सामने खेळायचे, शेस्टरकिन आल्यावर काय होणार, याची वाच्यता कुठे झाली नाही. दुर्बळ संघामागे उभा राहून त्याने २०१८-१९ मध्ये १८ सामने जिंकले आणि पुढच्या मोसमात फक्त १०. जानेवारी २०२० मध्ये शेस्टरकिन संघात आला आणि अलेक्झांडर जॉर्जिएव्ह धरून एका जागेसाठी तीन गोलरक्षक झाले. तेव्हा सर्वांत ज्येष्ठ माणूस बहुतेक रात्री बाकावर किंवा प्रेक्षागृहात बसू लागला.

चौथा निर्णय: सप्टेंबर २०२०

महासाथीमुळे बाद फेऱ्या ऑगस्टमध्ये, टोरोंटोच्या रिकाम्या स्टेडियममध्ये झाल्या. शेस्टरकिन खेळण्यास सज्ज नसल्यामुळे कॅरोलायनाविरुद्धचे पहिले दोन सामने लुंडक्विस्ट खेळला, दोन्ही हरले. तिसऱ्यात शेस्टरकिन होता, तोही गेला; त्या वर्षीच्या या जादा फेरीत तीनच विजय पुरेसे असल्यामुळे संघ बाहेर पडला. ३ ऑगस्टचा तो दुसरा सामना लुंडक्विस्टचा या लीगमधला शेवटचा सामना ठरला, आणि प्रेक्षागृहात एकही माणूस नव्हता.

३० सप्टेंबर रोजी संघाने उरलेल्या वर्षाच्या रकमेचा ठराविक हिस्सा देऊन करार संपवला. वेतनमर्यादेच्या हिशेबाने यातून २०२०-२१ मध्ये ३० लाख डॉलर मोकळे झाले आणि त्याच्या पुढच्या वर्षी १५ लाखांचा भार राहिला. तीनही गोलरक्षक ठेवणे कोणाच्याच हिताचे नव्हते आणि शेस्टरकिन पुढचा आधार होता, हे उघड होते. केवळ आर्थिक तराजूत हा फायदा माफक होता. पण त्याला हव्या त्या संघाशी बोलणी करण्याची मोकळीकही यातून मिळाली, म्हणून एवढ्या उशिरा तरी हाच मार्ग सर्वांत कमी वाईट होता असे मला वाटते.

निष्पत्ती

९ ऑक्टोबर २०२० रोजी त्याने वॉशिंग्टन कॅपिटल्सशी एका वर्षाचा, १५ लाख डॉलरचा करार केला. चषकासाठी दुसऱ्या संघात जाण्याचा पर्याय अखेर त्याने निवडला तो असा, संघानेच दार उघडल्यावर. पण डिसेंबरमध्ये हृदयविकारामुळे खेळणार नसल्याचे त्याने जाहीर केले, जानेवारी २०२१ मध्ये पाच तासांहून अधिक चाललेल्या शस्त्रक्रियेत महाधमनीची झडप बदलण्यात आली, आणि पुन्हा सराव सुरू करूनही प्रकृतीने साथ न दिल्याने २० ऑगस्ट २०२१ रोजी त्याने निवृत्ती पत्करली. वॉशिंग्टनकडून तो एकही सामना खेळला नाही.

२८ जानेवारी २०२२ रोजी गार्डनच्या छताला त्याचा ३० क्रमांक चढवण्यात आला. जून २०२३ मध्ये, पात्रतेच्या पहिल्याच वर्षी, हॉकी हॉल ऑफ फेमसाठी त्याची निवड झाली. त्या वर्षी निवडलेल्या गोलरक्षकांत आणखी दोन नावे होती: टॉम बरासो, ज्याच्याकडे पिट्सबर्गचे १९९१ आणि १९९२ चे दोन चषक, आणि माइक व्हर्नन, ज्याच्याकडे कॅलगरीचा १९८९ चा आणि डेट्रॉइटचा १९९७ चा. दोघेही पात्र झाल्यापासून पंधराहून अधिक वर्षे वाट पाहत होते. मिळून चार चषक असलेले दोघे आणि एकही नसलेला एक यांना निवड समितीने एकाच दिवशी बोलावले, आणि थांबावे लागले ते चषकवाल्यांना.

याचा अर्थ विजयांची संख्या पुरेशी असते असा नाही. जोसेफचे विजय ४५४, लुंडक्विस्टपेक्षा केवळ पाच कमी. तो सहा संघांतून खेळला, त्याला व्हेझिना मिळाला नाही, आणि २०२३ च्या निवडीपर्यंत त्याला बोलावणे आले नव्हते. दुसरीकडे जोनाथन क्विक, २०१४ च्या अंतिम फेरीत समोरच्या गोलमध्ये असलेला गोलरक्षक, याचा तिसरा चषक २०२३ चा आहे. तो वेगसच्या संघात होता आणि त्या बाद फेऱ्यांत एक मिनिटही खेळला नाही, तरी तोही विजेता आहे. क्विकच्या पहिल्या दोन चषकांबद्दल मला नितांत आदर आहे. पण जे माप न खेळलेल्या वसंतालाही खेळलेल्याइतकेच धरते, त्या मापाने ४८ फटके अडवून हरलेल्या रात्रीची किंमत ठरवू नये, असे मला मनापासून वाटते.

रेंजर्सपुरते पाहिले तर शेस्टरकिनने २०२२ मध्ये व्हेझिना मिळवला, आणि संघ २०२२ व २०२४ मध्ये पुन्हा विभागाच्या अंतिम फेरीतच थांबला.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट, २०१३ चा करार करतानाच त्याच्या सात वर्षांचा आराखडा पुढच्या फळीसाठीही आखायला हवा होता. नॅश आणि सेंट लुई यांचे व्यवहार मान्य केले तरी २०१६ चा हक्क यँडलसाठी देण्यापाशी थांबता आले असते. तोपर्यंत तीन वर्षांचा पुरवठा आधीच आटलेला होता.

दुसरी गोष्ट, संघाची नवी उभारणी जी २०१८ मध्ये जाहीर झाली तिचा विचार २०१५ च्या त्या सातव्या सामन्यानंतर व्हायला हवा होता. त्या उन्हाळ्यात लीगमध्ये पहिला आलेला संघ मोडणे कोणालाही सुचले नसते, हे खरे आहे. पण दोन निर्णायक सामन्यांत शून्य गोल करणाऱ्या पुढच्या फळीत मोठा बदल न करता आणखी दोन मोसम काढले गेले, आणि ती गोलरक्षकाची तेहतीस ते पस्तीस ही वर्षे होती.

तिसरी गोष्ट त्याच्या स्वतःच्या हातातली होती. टॅलबॉटने २०१५ मध्ये दाखवून दिले होते की दुसरा गोलरक्षक साखळीतले बरेच सामने पेलू शकतो. लुंडक्विस्टला सतत खेळायला आवडे आणि तो कमी खेळल्यावर लय हरवते असे मानी. तिशीनंतर साखळीतले आठ-दहा सामने आणखी सोडून दिले असते तर मे महिन्यात त्याचा उपयोग झाला असता, असे मला वाटते; हा माझा कयास आहे आणि त्यासाठी त्याला आपल्या स्वभावाला मुरड घालावी लागली असती.

चौथी गोष्ट निरोपाची. १९७५ मध्ये जियाकोमिनला सोडल्यानंतर दोनच दिवसांनी, २ नोव्हेंबरला, तो डेट्रॉइटचा गणवेश घालून गार्डनवर आला आणि रेंजर्सच्या चाहत्यांनी स्वतःच्या संघाविरुद्ध त्याच्या नावाचा गजर केला. तो बर्फावर उभा राहून रडला. ज्या संघाने एवढे पाहिले होते, त्याने २०२० च्या जानेवारीत, तीन गोलरक्षक झाले त्या आठवड्यातच, पंधरा वर्षे आपल्याकडून खेळलेल्या गोलरक्षकासाठी घरचा एक ठरलेला सामना बाजूला काढून ठेवायला हवा होता. मार्चमध्ये लीग बंद पडली आणि तो सामना कधी झालाच नाही. २८ जानेवारी २०२२ ला गार्डन भरून त्याच्या नावाने घुमले तेव्हा तो गडद सूट घालून, पत्नी आणि दोन मुलींसह, बर्फावर अंथरलेल्या गालिच्यावर उभा होता.